पालाच पाला, मुळा नाही? ठाणे-नवी मुंबईत घरच्या बागेत हिवाळी मुळा घेण्याची पद्धत

पाने हातभर वाढली आणि उपटून पाहिले तर खाली उंदराच्या शेपटीएवढे मूळ. ठाणे-नवी मुंबईतल्या गच्च्यांवर आणि सोसायट्यांच्या बागांत हिवाळ्यात सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच. त्यावर उपाय म्हणून आणखी खत घातले जाते आणि पाला आणखी माजतो. मुळ्याचे पीक जेमतेम ४५ ते ६० दिवसांचे. पहिल्या तीन आठवड्यांत सोटमूळ अडथळ्याशिवाय सरळ खाली गेले आणि पानांना पुरेसे ऊन मिळाले, तरच पुढे ते पोसते. हा काळ हुकला की नंतर कशानेही भरून निघत नाही. म्हणूनच खाली पेरणीआधीच्या तयारीला आणि विरळणीला (दाट रोपे कमी करण्याला) सर्वांत जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १ : तारीख आणि वाण एकत्र ठरवा

बियाण्याच्या दुकानात ‘मुळा’ एवढेच सांगून पाकीट घेऊ नका. आपल्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाचा भरवसा नसतो आणि ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ३४-३५ अंशांवर जाते. थंड हवेचा वाण या उकाड्यात पेरला तर मूळ तिखट आणि दशीदार होते, किंवा पोसतच नाही.

- ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा : पुसा चेतकी. उष्णता सोसणारा वाण, ४० ते ४५ दिवसांत तयार. मूळ मध्यम लांबीचे असते, त्यामुळे कुंडीतही चालतो.
- नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते डिसेंबरअखेर : जपानी व्हाईट. मूळ २५ ते ३० सेंमी लांब, टोक बोथट, चव सौम्य. तयार व्हायला ५० ते ६० दिवस लागतात.
- जानेवारीचा पहिला पंधरवडा : पुन्हा पुसा चेतकी. संक्रांतीनंतर पेरू नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापू लागते आणि मुळा पोसण्याआधीच जून होतो.

गणपतीच्या आसपास पेरण्याचा मोह अनेकांना होतो. वाफा उघड्यावर असेल तर हे टाळाच. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली की माती दाबून बसते आणि कोवळी रोपे आडवी होतात.

सगळे बी एकाच दिवशी पेरू नका. मुळा तयार झाल्यावर जमिनीत साठवून ठेवता येत नाही, तो आतून पोकळ होतो. चार माणसांच्या घराला दर १० ते १२ दिवसांनी १० ते १२ मुळ्यांची पेरणी पुरते.

*तपासणी :* पाकिटावरची वैधतेची तारीख वाचा. घरातले गेल्या वर्षीचे बी असेल तर १० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. चौथ्या दिवशी ७ किंवा जास्त बियांना मोड आले असतील तर बी वापरा. पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट आपल्या दमट हवेत लवकर बाद होते. उरलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा.

*सावधान :* बी गुलाबी किंवा निळसर दिसत असेल तर त्यावर औषध चोळलेले आहे. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मोड आणून खाऊ नका.

टप्पा २ : डिसेंबरचे ऊन मोजा, सप्टेंबरचे नाही

मुळ्याला रोज किमान ६ तास थेट ऊन हवे. चार तासांच्या खाली गेलात की पाला मिळेल, मुळा मिळणार नाही. अशा जागी मेथी किंवा पालक पेरा, त्यांचे भागेल.

जागा निवडताना सर्वांत मोठी चूक इथे होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, म्हणजे इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. दक्षिणेला २० मजली टॉवर असेल तर सप्टेंबरात लख्ख उन्हात असलेला वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत जाऊ शकतो. याच्या उलट, दक्षिणेला तोंड असलेल्या आणि समोर काही नसलेल्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये उंच इमारती दाटीने आहेत. तिथे हे पाहिल्याशिवाय मातीला हात लावू नका. उत्तरेकडच्या बाल्कनीत मुळा होत नाही.

मोजायचे असे : सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, १०, १२, २ आणि ४ वाजता जागेचा फोटो काढा. पाचपैकी किमान तीन लागोपाठच्या फोटोंत ऊन थेट मातीवर दिसले पाहिजे. हे पेरणीच्या आठवड्यातच करा आणि दक्षिणेची इमारत जवळ असेल तर पुढे सावली आणखी सरकणार हे धरून चला.

*सावधान :* १२ इंची ग्रो बॅग ओल्या मातीसकट २० ते २५ किलोंची होते. ती ग्रिलवर किंवा कठड्यावर ठेवू नका. गच्चीवर ठेवायच्या असतील तर भिंतीलगत मांडा आणि सोसायटीची परवानगी घ्या.

टप्पा ३ : माती तयार करा, पेरणीच्या १० दिवस आधी

सगळे पीक या टप्प्यावर ठरते, म्हणून इथे घाई नको.

*ग्रो बॅग किंवा क्रेटसाठी.* खोली किमान १२ इंच. आठ इंची कुंडीत जपानी व्हाईट लावला तर मूळ तळाला टेकून वाकते. बाजारात भाजी येते तो प्लास्टिकचा क्रेट, साधारण ६० × ४० सेंमीचा आणि फूटभर खोल, आतून ग्रीन नेट लावून घेतला तर उत्तम. त्यात १२ मुळे होतात आणि निचराही चांगला राहतो. १२ × १२ इंची गोल बॅगेत चारच मुळे घ्या.

मिश्रण मापाने, एकच मग वापरून :

- चाळलेली माती ४ भाग
- पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग
- धुतलेले कोकोपीट २ भाग
- जाड वाळू १ भाग
- १२ इंची बॅगेमागे एक मूठ निंबोळी पेंड

नर्सरीत मिळणारी लाल माती एकटी वापरू नका. पाणी घालून ऊन लागले की ती विटेसारखी घट्ट होते. बांधकामावरच्या चाळणीतून ती चाळून घ्या. बोराएवढा खडासुद्धा सोटमुळाला फाटे फोडायला पुरेसा असतो. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते, म्हणून वीट भिजवून दोनदा ताज्या पाण्याने धुवा आणि पिळून घ्या. वाळू खाडीची नको, तीही खारट असते.

शेणखत कच्चे असेल तर मुळाला फाटे फुटतात, वर हुमणीसारख्या अळ्याही येतात. सोसायटीच्या कंपोस्टबाबत तर विशेष काळजी घ्या. त्यात काचा, प्लास्टिक आणि अर्धवट कुजलेले नारळाचे तंतू हमखास सापडतात.

*तपासणी :* मूठभर ओले खत झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर खत तयार आहे. आंबूस किंवा नाकात जाणारा वास आला तर आणखी महिनाभर कुजू द्या.

बॅग काठोकाठ भरा, भरपूर पाणी घाला आणि ८ ते १० दिवस तशीच ठेवा. तेवढ्यात पेंड मातीत मुरते आणि माती दोन-तीन इंच खाली बसते. मग पुन्हा भरून काठापासून एक इंच खाली आणा. अर्धवट भरलेल्या बॅगेत पेरू नका. बॅगेच्या भिंतीचीच सावली रोपांवर पडते आणि ती ऊन शोधत लांबट होतात.

*जमिनीतल्या वाफ्यासाठी.* नवी मुंबईतल्या बऱ्याच आवारांत वरच्या चार बोटे मातीखाली मुरूम आणि डेब्रिजचा भराव असतो. कुदळीने फूटभर खणून पाहा. खाली दगड लागत असेल तर खोल जाण्याचा हट्ट सोडा आणि वर २५ सेंमी उंचीचा गादीवाफा बांधा. जमीन चांगली असेल तर फूटभर खणून ढेकळे फोडा, दर चौरस मीटरला ३ ते ४ किलो कुजलेले शेणखत मिसळा आणि ३० सेंमी अंतरावर वरंबे ओढा. मुळा सपाट वाफ्यापेक्षा वरंब्याच्या माथ्यावर सरळ आणि लांब होतो, कारण तिथली माती मोकळी राहते. खणणी वाफशावरच करा, म्हणजे माती ओलसर असेल पण हाताला चिकटणार नाही तेव्हा. ओल्या मातीत कुदळ घातली तर जी ढेकळे होतात ती हंगामभर फुटत नाहीत.

*तपासणी :* बोटाएवढ्या जाडीची काठी तयार मातीत दाबून पाहा. तळहाताच्या हलक्या जोराने ती वीतभर आत गेली तर माती भुसभुशीत आहे. मध्येच अडली तर पुन्हा मोकळी करा.

टप्पा ४ : बी जागेवरच टोका

मुळ्याचे रोप ट्रेमध्ये करून नंतर लावायचे नाही. नर्सरीत तयार रोपे मिळाली तरी घेऊ नका. उपटताना सोटमुळाचे टोक तुटले की फाटे फुटतात, मग कितीही चांगल्या मातीत लावले तरी उपयोग नाही.

१. आदल्या संध्याकाळी माती भिजवा. पेरताना ती ओलसर हवी, चिखल नको.
२. जपानी व्हाईटसाठी १० सेंमी आणि पुसा चेतकीसाठी ८ सेंमी अंतरावर खुणा करा. दोन ओळींत २५ ते ३० सेंमी ठेवा. क्रेटमध्ये लांबीला समांतर दोन ओळी, प्रत्येकी ६ खुणा. गोल बॅगेत काठापासून चार बोटे आत, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर.
३. प्रत्येक खुणेवर एक ते दीड सेंमी खोल दोन बिया टाका. यापेक्षा खोल गेल्या तर रोप उशिरा आणि अशक्त येते.
४. चाळलेल्या गांडूळखताने झाका आणि तळव्याने हलके दाबा.
५. झारीनेच पाणी घाला. पाइपाच्या धारेने बिया एका कोपऱ्यात जमा होतात.

मूठभर बी फेकून पेरणे पाल्याच्या भाजीसाठी ठीक. मुळे हवे असतील तर टोकूनच लावा. बी स्वस्त असते, म्हणून हात सैल सुटतो आणि दाटी होते. एका ग्रॅममध्ये शंभराच्या आसपास बिया असतात, तेव्हा घरापुरत्या पेरणीला चिमूटभर बी पुरते.

पेरल्या दिवसापासून जाळी लावा. आपल्याकडे पहिला शत्रू कीड नसून कबुतर आहे. ते मोड आलेले बी टिपते आणि कोवळी पाने खुडते. बारीक जाळी वेतावर किंवा वाकवलेल्या तारेवर ताणून लावली तर पानांना भोके पाडणारे लहान काळे भुंगेरेही बाहेर राहतात. तळमजल्यावर उंदीर-घुशींचा त्रास असेल तर जाळीच्या कडा विटांनी दाबा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगवण दिसते. सातव्या दिवसापर्यंत जी खूण रिकामी राहील तिथे लगेच नवे बी टोका. दाट जागचे रोप उपटून तिथे लावू नका.

टप्पा ५ : विरळणी, जी करताना हात धजत नाही

हिरवीगार रोपे कापायला जिवावर येते हे खरे. पण एका खुणेवर दोन रोपे ठेवली तर दोन लहान मुळे मिळत नाहीत, एकमेकांना पीळ घातलेल्या दोन बारीक शेपट्या मिळतात. पाला माजण्याचे सर्वांत मोठे कारण हीच दाटी आहे.

पेरणीनंतर ८ ते १० दिवसांनी, पहिल्या जोडपानांच्या मधून खरी पाने डोकावू लागली की विरळणी करा. दोनपैकी बुटके, जाड देठाचे रोप ठेवा. उंच झालेले रोप चांगले वाटते, पण ते सावलीमुळे लांबलेले असते. नको असलेले रोप मातीलगत कात्रीने कापा. उपटलात तर शेजारच्या रोपाचे मूळ हलते. कापलेली कोवळी पाने कोशिंबिरीत किंवा थालीपिठाच्या पिठात घाला.

त्याच दिवशी उरलेल्या रोपांना माती लावा. जोडपानांच्या खालचा देठ लालसर आणि लांबट असेल तर रोप वाऱ्याने कलते. जोडपानांच्या जरा खालपर्यंत भुसभुशीत माती चढवली की ते ताठ उभे राहते.

*तपासणी :* बाराव्या दिवशी शेजारच्या दोन रोपांमध्ये चार बोटे सहज बसली पाहिजेत. बसत नसतील तर आणखी एकेक रोप कमी करा.

टप्पा ६ : पाणी, रोज थोडे नव्हे, गरजेपुरते आणि सारखे

बोट पेराच्या दोन खुणांपर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर बॅगेच्या तळातून थेंब येईपर्यंत घाला. ऑक्टोबरच्या उकाड्यात बॅगेला रोज पाणी लागते, डिसेंबर-जानेवारीत बहुधा एक दिवसाआड पुरते. जमिनीतल्या वाफ्याला ४ ते ६ दिवसांनी.

पाणी सकाळी आणि बुडाशी द्या. रात्रभर पाने ओली राहिली तर खालच्या बाजूला पांढरे फोड येतात. हा पांढरा तांबेरा. तशी पाने काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

बोअरवेलचे पाणी मचूळ असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर मुळ्याला नळाचेच पाणी घाला.

चार दिवस गावाला जाऊन आल्यावर सुकलेल्या मातीत एकदम बादलीभर पाणी ओतले की पोसलेला मुळा उभा तडकतो. अशा वेळी पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी पूर्ण असे द्या. जाण्याआधी वाळक्या पानांचा दोन बोटे थर मातीवर पसरला तर ओल टिकते.

टप्पा ७ : खत, एकदाच

माती टप्पा ३ प्रमाणे केली असेल तर २० ते २२ दिवसांनी रोपामागे एक मूठ गांडूळखत आणि एक लहान चमचा लाकडाची राख एवढेच द्या, आणि वरून माती चढवा. राख निव्वळ लाकडाची हवी, कचरा किंवा कोळसा जाळलेली नको. ३० व्या दिवसाच्या आसपास मुळ्याचा माथा वर दिसू लागला की पुन्हा मातीची भर द्या. उघडा माथा उन्हाने हिरवट आणि कडवट होतो.

*सावधान :* युरिया नको. दर आठवड्याला शेणपाणी किंवा जीवामृतही नको. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड सगळी ताकद पानांत घालते. पाने गर्द हिरवी, मोठी आणि लुसलुशीत दिसत असतील तर खत ताबडतोब थांबवा, झाड उपाशी नाही.

टप्पा ८ : कीड, दर तिसऱ्या दिवशी पान उलटून पाहा

मावा ढगाळ हवेत झपाट्याने वाढतो. तो कोंबात आणि पानाखाली बसतो. सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. वाढलाच तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि २ मिली भांड्यांचा लिक्विड साबण नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. फवारल्यावर आठवडाभर पाला खाऊ नका, नंतर धुऊन घ्या.

काळपट हिरवी अळी पाने चाळणीसारखी करते. ती सकाळी आणि संध्याकाळी खाते आणि हात लागताच अंग मुडपून खाली पडते, म्हणून दुपारी सापडत नाही. सकाळी पानाखाली ताटली धरून झटका. घरच्या बागेत एवढ्याने भागते, औषध लागत नाही.

टप्पा ९ : काढणी, दिवस मोजून आणि एक उपटून

पुसा चेतकीचा पहिला मुळा ४० व्या दिवशी, जपानी व्हाईटचा ४८ ते ५० व्या दिवशी उपटून कापून पाहा. मनगटाएवढा जाड होण्याची वाट पाहू नका. दोन-अडीच बोटे जाडीचा मुळा चवीला सर्वांत चांगला.

*तपासणी :* न उपटता कळण्याची एक खूण आहे. बाहेरच्या बाजूचे एक पान बुडापासून दोन-तीन सेंमी वर तोडा. देठ आतून भरीव आणि ओलसर असेल तर मुळाही भरीव आहे. देठ पोकळ किंवा कापसासारखा दिसला तर मुळ्याला आत जाळी पडू लागली आहे, सगळे त्याच दिवशी काढा.

काढण्याच्या दोन-तीन तास आधी माती भिजवा. पाने बुडाशी एकत्र धरून किंचित पिळा आणि सरळ वर ओढा. नुसते पान ओढले तर ते हातात येते आणि मुळा जमिनीत राहतो. लगेच पाला कापून वेगळा करा. पाला तसाच ठेवला तर तो मुळ्यातले पाणी ओढून घेतो आणि मुळा रात्रीत लिबलिबीत होतो. पाल्याची मूगडाळ पेरून भाजी त्याच दिवशी करा. मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात.

मुळा बिघडला तर कारण शोधा

- बारीक शेपटी, भरपूर पाला : दाटी, कमी ऊन किंवा जास्त नत्र. याच क्रमाने तपासा.
- फाटे फुटलेला : खडे, कच्चे खत किंवा हलवून लावलेले रोप.
- वाकडा, आखूड : बॅग उथळ, किंवा खाली दाबलेला थर.
- उभा तडकलेला : पाण्यात खंड पडून मग एकदम भर.
- फार तिखट, दशीदार : उकाड्यात वाढला, किंवा पाणी कमी पडले.
- आतून पोकळ : काढायला उशीर.

एखादे झाड पोसण्याआधीच फुलोऱ्यावर गेले तर उपटून टाकू नका. त्याचा मुळा आता खाण्याजोगा होणार नाही, पण डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, मिळतील. काठीचा आधार द्या, फुलांवरचा मावा पाण्याने धुवा आणि शेंगा पेन्सिलएवढ्या जाड व्हायच्या आत, वाकवल्यावर कट्‌कन मोडतात तोवर तोडा. रिकाम्या झालेल्या बॅगांत पुन्हा मुळा, मोहरी किंवा कोबी लावू नका. ही सगळी एकाच कुळातली, त्यांच्या किडीही त्याच. माती उलटून दोन दिवस उन्हात पसरा, एक भाग नवे खत मिसळा आणि मेथी किंवा चवळी पेरा.